पहिली बातमी, पहिला क्रमांक: पत्रकारिता विभागांना खुले पत्र

प्रति,
विभागप्रमुख व अभ्यास मंडळांचे सदस्य,
पत्रकारिता व जनसंज्ञापन विभाग,
महाराष्ट्रातील विद्यापीठे व संलग्न महाविद्यालये

विषय: युद्धकाळातील वृत्तांकन आणि आपले मूल्यमापन यांतील यशाच्या कल्पनेबाबत

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

८ मे २०२५ च्या रात्री आपल्यापैकी अनेकांच्या घरी दूरचित्रवाणी संच उशिरापर्यंत चालू असणार. पहलगाम येथे २२ एप्रिलला झालेल्या हल्ल्यात महाराष्ट्रातील सहा जणांसह २६ लोक मारले गेले होते, ७ मेच्या पहाटे ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये नऊ ठिकाणांवर मारा झाला होता आणि पुढे काय होणार या काळजीने देश जागा होता. त्या रात्री अनेक वृत्तवाहिन्यांनी भारतीय नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचे, इस्लामाबाद ताब्यात आल्याचे आणि पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांना त्यांच्याच देशात अटक झाल्याचे सांगितले. यांपैकी काहीही घडलेले नव्हते. कराचीच्या नावाने समाजमाध्यमांवर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात काही महिन्यांपूर्वी झालेल्या विमान अपघाताची होती. तीन दिवसांनी, ११ मेच्या पत्रकार परिषदेत, व्हाइस अ‍ॅडमिरल ए. एन. प्रमोद यांनी नौदल समुद्रातील व किनाऱ्यावरील, अगदी कराचीसह, निवडक लक्ष्यांवर मारा करण्याच्या पूर्ण तयारीत तैनात होते असे सांगितले, तेव्हा तयारी आणि मारा यांच्यामधले अंतर वाहिन्यांनी एका रात्रीत कसे भरून काढले होते, हे ज्याला पाहायचे होते त्याला दिसले.

याविषयी संपादकांना उद्देशून पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातील बरेचसे योग्यच आहे. मी मात्र हे पत्र आपल्याला लिहीत आहे. त्या रात्री डेस्कवर बसून पडद्याखालची पट्टी लिहिणारे, रनडाउन म्हणजे बातम्यांचा क्रम बदलणारे, फोनोवर, म्हणजे फोनवरून थेट बोलायला, माणूस मिळवून देणारे आणि निवेदकाच्या कानात ‘आपण पहिले आहोत’ असे सांगणारे तरुण कोठून तरी शिकून आलेले होते. मी एका संलग्न महाविद्यालयात इतिहास शिकवतो, आमच्याकडील पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना एक विषय शिकवतो आणि अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या बैठकांनाही बसतो. या तिन्ही ठिकाणी यश मोजण्याची एकच रीत दिसते. पटकन मोजता येईल ते मोजायचे, त्यातला सर्वांत मोठा आकडा पुढे करायचा आणि तो तपासण्याचे काम दुसऱ्यावर सोडायचे. वाहिन्यांनी ही रीत स्वतः शोधून काढलेली नाही. ती त्यांच्याकडे आमच्या वर्गांतून जाते, एवढेच मला या पत्रात म्हणायचे आहे.

आधी त्या दिवसांतील सर्वांत वाईट चूक. पूंछमध्ये ७ मे रोजी झालेल्या तोफांच्या माऱ्यात एका मदरशातील शिक्षक मृत्युमुखी पडले. काही वाहिन्यांनी त्यांचे छायाचित्र दाखवून एक मोठा दहशतवादी ठार झाल्याचे जाहीर केले. आपल्याच देशाच्या एका नागरिकाचा, शत्रूच्या माऱ्यात झालेला मृत्यू आपल्या विजयाच्या खात्यात जमा झाला. स्थानिक पोलिसांना जाहीर खुलासा करावा लागला आणि प्रकरण पुढे न्यायालयात गेले. दाढी, टोपी, नाव आणि गाव एवढ्या सामग्रीवरून ही बातमी तयार झाली. पूंछच्या पोलीस ठाण्यात एक फोन केला असता तर ती उभीच राहिली नसती. तो फोन करण्यात जी दहा-पंधरा मिनिटे गेली असती ती कोणत्याही वाहिनीच्या हिशेबात तोटा म्हणून लिहिली गेली असती, आणि फोन न करता वाचलेली मिनिटे नफा म्हणून. आपण शिक्षक आहोत, म्हणून तरी हे प्रकरण आपल्या वर्गात शिकवले जायला हवे होते. माझ्या माहितीतल्या वर्गांत त्याचा उल्लेखही झाला नाही.

सरकारने काही सांगितले नव्हते असे नाही. माहिती व प्रसारण मंत्रालयाने २६ एप्रिललाच वाहिन्यांना सूचना काढली होती आणि तिच्यात कारगिल, कंदाहारचे विमान अपहरण व मुंबईवरील २६ नोव्हेंबरचा हल्ला यांची आठवण करून देऊन लष्करी हालचालींचे थेट प्रक्षेपण करू नये असे बजावले होते. मुंबईच्या हल्ल्यातील थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयानेही २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात कठोर शब्दांत टीका केलेली आहे. परंतु या सगळ्याचा रोख खरी माहिती वेळेआधी बाहेर जाऊ नये यावर आहे, आणि तो रास्तही आहे. न घडलेल्या विजयाची बातमी मात्र कोणत्याही तुकडीचे ठिकाण उघड करत नाही, कोणालाही अडचणीत आणत नाही, ती ऐकून सगळ्यांना बरेच वाटते. म्हणून तिला अडवण्याची घाई कोणालाच नसते. तिला अडवू शकेल असा माणूस डेस्कवरच असावा लागतो, आणि तो तयार करणे हे आपले काम आहे.

तो आपण तयार करतो का? एका विभागाच्या बुलेटिन प्रात्यक्षिकाचा गुणतक्ता मी पाहिला आहे. त्यात आवाज, उच्चार, कॅमेऱ्यासमोरील वावर, दृश्यांची निवड, मांडणीचा वेग आणि वेळेत सादरीकरण यांना स्वतंत्र रकाने होते. बातमी कोणाकडून कळली, दुसऱ्या कोणाकडून पडताळली का, आणि जे कळले नाही ते कळले नाही असे सांगितले का, यांसाठी रकाना नव्हता. ‘आशय’ या एका शब्दात ते सगळे आले असे समजायचे. अशा प्रात्यक्षिकात एखाद्या मुलीने दुसऱ्या सूत्राची वाट पाहत बातमी मागे ठेवली, तर तिचे वेळेचे गुण जातात आणि त्या बदल्यात तिला काहीच मिळत नाही. तीन वर्षे अशा तक्त्याखाली घालवलेला विद्यार्थी ८ मेच्या रात्री वेगळे काही करील अशी अपेक्षा आपण कशाच्या आधारावर धरतो?

आता महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराकडे येऊ. निकाल लागले की गुणवंतांचे फ्लेक्स लागतात. त्याबद्दल मला तक्रार नाही, कौतुक झालेच पाहिजे. पण प्रवेशाच्या हंगामात माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ‘सर्वोच्च पॅकेज’ छापले जाते. हा वर्गातील एकाच मुलाचा पगार असतो, आणि तोही पुष्कळदा कागदोपत्री देऊ केलेला. राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीसाठी, म्हणजे एनआयआरएफसाठी, माहिती भरताना याच महाविद्यालयांना नोकरी लागलेल्या पदवीधरांच्या पगाराचा मध्यक द्यावा लागतो. म्हणजे मधला आकडा कोणता हे आपल्याला ठाऊक असते. सरकारी अर्जात आपण तो भरतो आणि पालकांना वरचा दाखवतो. स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांची गोष्ट तर याच्याही पुढची आहे. एकाच यशस्वी उमेदवाराचे छायाचित्र निरनिराळ्या वर्गांच्या जाहिरातींत झळकते, कारण त्याने एकाकडे पूर्ण अभ्यासक्रम केलेला असतो आणि दुसऱ्याकडे केवळ मुलाखतीची तयारी. अखेर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला नोव्हेंबर २०२४ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. उमेदवाराची संमती घ्या आणि त्याने तुमच्याकडे नेमके काय शिकले ते सांगा, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. एकच अस्पष्ट चित्रफीत सात वाहिन्यांवर ‘आमच्याकडे सर्वांत आधी’ या पट्टीखाली चालते तेव्हा मला हे फलक आठवतात.

नॅकविषयी, म्हणजे महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय मूल्यांकन व मान्यता परिषदेविषयी, बोलावे की नाही, असा विचार मनात आला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने नॅकच्या तपासणी समितीतील सदस्यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक केली, ते प्रकरण सर्वांना माहीत आहे आणि त्यावरून प्रत्येक श्रेणीवर संशय घेणे अन्यायाचे होईल. मला वेगळीच गोष्ट सांगायची आहे. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला अक्षांश-रेखांशासह काढलेले छायाचित्र जोडले नाही, तर आमचा कक्ष तो कार्यक्रम झाला असे मान्य करत नाही. रोप पुढे जगले का, हे कोणी विचारत नाही, हा भाग वेगळा. पण निदान रोप लावल्याचा पुरावा मागण्याइतकी शिस्त आपल्यात आहे. तीच शिस्त एका बंदराचा विध्वंस झाल्याच्या बातमीला लावायला आपण विद्यार्थ्यांना शिकवू शकत नाही, असे मला वाटत नाही.

यशाचा हा प्रश्न पुण्यातल्या विद्यापीठाच्या आवारातही जाहीरपणे येऊन गेला आहे. ३ जून २०२५ रोजी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांचे भावी युद्धांवर व्याख्यान झाले. त्याआधी काही दिवस, ३१ मे रोजी, त्यांनी सिंगापूर येथे मुलाखतींत भारताची विमाने पडल्याचे मान्य केले होते आणि ती का पडली हे समजून घेणे महत्त्वाचे, असे म्हटले होते. पुण्यात त्यांनी सांगितले की युद्धात हानीपेक्षा निष्पत्ती महत्त्वाची, आणि कसोटी सामना डावाने जिंकल्यावर किती गडी गेले, किती चेंडू लागले हा प्रश्न उरत नाही, असे उदाहरण दिले. सैनिकाच्या जागेवरून हे म्हणणे मला समजते. एअर मार्शल ए. के. भारती यांनीही ११ मेच्या पत्रकार परिषदेत लक्ष्यावर मारा करणे हे आपले काम, मृतदेह मोजणे नव्हे, असे सांगितले होते. मृतांच्या आकड्याने विजय मोजायचा नाही असे एखादे सैन्य उघडपणे म्हणत असेल तर ते चांगलेच आहे. त्याच दिवसांत वाहिन्या मात्र तोच आकडा शोधत होत्या.

परंतु कसोटी सामन्याच्या त्या उदाहरणात खेळाडूंखेरीज आणखी एक माणूस असतो. डावाने जिंकलेल्या सामन्यातही गुणलेखक प्रत्येक चेंडू नोंदवतो, आपल्या संघाचा गडी बाद झाला तरी. पत्रकार आणि विद्यापीठ यांची जागा त्या गुणलेखकाच्या टेबलाशी आहे. सेनापतीने निष्पत्तीकडे पाहावे, सैनिकांचे मनोबल टिकवावे. आपण हानी, खर्च, चुका आणि त्यांची कारणे लिहून ठेवावीत, कारण पुढच्या वेळी सेनापतीलाही त्याच नोंदी लागणार आहेत. सिंगापूरच्या मुलाखतींत विमाने का पडली हा प्रश्न स्वतः जनरल चौहानांनीच महत्त्वाचा मानला होता. आपल्या संरक्षणशास्त्र विभागाच्या आणि पत्रकारिता विभागाच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून त्या व्याख्यानावर एखादी चर्चा घेतली असती, तर एका सत्राच्या तासिकांनी होणार नाही एवढे शिक्षण झाले असते.

आकड्यांनी मोजलेल्या यशाचे काय होते, याचे सर्वांत पूर्ण उदाहरण अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धात सापडते, आणि त्यात वर्ग व बातमी ही दोन्ही टोके एकत्र येतात, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. १९६१ ते १९६८ या काळात संरक्षणमंत्री असलेले रॉबर्ट मॅकनमारा हे हार्वर्डमध्ये शिकलेले आणि शिकवलेले, आकडेवारीत मुरलेले गृहस्थ होते. या युद्धात जिंकलेली रेषा नकाशावर दाखवता येत नव्हती, कारण एकच डोंगर घेतला जाई, सोडला जाई आणि पुन्हा घेतला जाई. म्हणून शत्रूचे किती मेले हा आकडा प्रगतीची खूण ठरला. वरून आकडा मागितला जाऊ लागला तसा खालून तो पुरवला जाऊ लागला, आणि मेलेला शेतकरीही पुष्कळदा शत्रू म्हणून मोजला गेला. सायगावमध्ये रोज सायंकाळी पाच वाजता होणाऱ्या लष्करी पत्रकार परिषदेची वार्ताहर उघड चेष्टा करत, तरी तेथील आकडे दुसऱ्या दिवशी छापले जात. नोव्हेंबर १९६७ मध्ये जनरल वेस्टमोरलंड यांनी युद्धाचा शेवट दृष्टिपथात येत असल्याचे वॉशिंग्टनमध्ये सांगितले, आणि १९६८ च्या जानेवारीअखेर टेट सणाच्या सुमारास शत्रूने दक्षिण व्हिएतनामभर एकाच वेळी शहरांवर हल्ले चढवले. लष्करी दृष्टीने ते हल्ले परतवले गेले. पण दोन-तीन महिन्यांपूर्वी ऐकलेल्या यशाचा आणि पडद्यावर दिसणाऱ्या दृश्यांचा मेळ अमेरिकी प्रेक्षकांना घालता येईना.

याच काळात अमेरिकेतील महाविद्यालयांत काय चालले होते ते पाहा. पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची सक्तीची लष्करभरती पुढे ढकलली जात असे. सैनिकांची गरज वाढली तेव्हा १९६६ मध्ये वर्गातील क्रमांक किंवा एका विशेष परीक्षेतील गुण पाहून ही सवलत ठरवण्याची पद्धत पुन्हा लागू झाली. म्हणजे वर्गात खालच्या क्रमांकावर असलेला मुलगा युद्धाच्या दिशेने एक पाऊल पुढे सरकला. ज्याला महाविद्यालयाची फीच परवडत नव्हती तो तर या रांगेत आधीपासूनच पुढे उभा होता. मे १९६६ मध्ये शिकागो विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारतीत ठिय्या दिला, तो विद्यापीठाने असे क्रमांक भरती मंडळांना पुरवू नयेत म्हणून. आपण दिलेला गुण एखाद्या मुलाला रणांगणावर पाठवू शकतो हे ध्यानात आल्यावर काही प्राध्यापकांचा गुण देण्यातला हातच थबकला. सुदैवाने आपल्याकडे सक्तीची भरती नाही आणि आपल्या गुणांचे परिणाम इतके भीषण नसतात. ते कोठवर पोहोचतात, हे मात्र पूंछच्या उदाहरणाने दाखवले आहे.

आपल्या मातीतली परंपरा या बाबतीत तोकडी नाही. ज्या मंडळींनी १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू केला, त्यांनीच न्यू इंग्लिश स्कूल व पुढे १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय उभे केले. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर नंतर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. वृत्तपत्र आणि वर्ग ही एकाच कामाची दोन दालने आहेत, असेच ते मानत असणार. आणि ‘केसरी’च्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत त्यांना बसलेला मोठा फटका पडताळणीचाच होता. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाविषयी कारभाऱ्यांना दोषी ठरवणारी पत्रे त्यांनी खरी मानून छापली, ती बनावट निघाली, आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तुरुंगातून सुटल्यावर झालेले स्वागत आपण अभिमानाने शिकवतो. बनावट पत्रांपर्यंत पोहोचण्याआधीच आपला तास बहुधा संपतो.

या सगळ्यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. आपल्यातील एका ज्येष्ठ अध्यापकांनीच तो माझ्याजवळ मांडला. वाट पाहणाऱ्या, ‘अद्याप कळलेले नाही’ असे लिहिणाऱ्या मुलाला कोणती वाहिनी नोकरी देईल? टीआरपीचा आकडा पाहणाऱ्या व्यवस्थेत आपण पडताळणी करणारी मुले पाठवली, तर ती सहा महिन्यांत बाहेर पडतील आणि त्यांची जागा न शिकलेली मुले घेतील. विभागाचा प्लेसमेंटचा आकडा घसरेल, आकडा घसरला की प्रवेश घटतील, आणि प्रवेश घटले की विनाअनुदानित तुकडीवरील तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचे काम जाईल. हे खरे आहे. जे अध्यापक दरवर्षी नव्या नेमणुकीची वाट पाहतात त्यांच्याकडून धैर्याची मागणी करणे मला शोभत नाही. म्हणूनच हे पत्र एकेकट्या अध्यापकाला न लिहिता अभ्यास मंडळांना लिहिले आहे. एकाच महाविद्यालयाने गुणतक्ता बदलला तर त्याचे विद्यार्थी मागे पडतील. विद्यापीठाच्या सर्व संलग्न महाविद्यालयांत तो एकदम बदलला तर निदान आपल्या परिसरातील वाहिन्यांना उमेदवार निवडताना त्याच मुलांतून निवडावे लागेल. शिवाय, ९ मेच्या सकाळी ज्यांना रात्रीच्या पट्ट्या काढून टाकाव्या लागल्या, त्यांच्यापैकी काहींना तरी असे एखादे माणूस डेस्कवर हवे होते असे वाटले असेल, असा माझा अंदाज आहे.

माझ्या मागण्या मर्यादित आहेत. बुलेटिन व वार्तांकनाच्या प्रात्यक्षिकांत सूत्रांच्या पडताळणीला स्वतंत्र गुण असावेत, आणि ते सादरीकरणाच्या गुणांपेक्षा कमी नसावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने सत्रभर स्वतःच्या दुरुस्त्यांची वही ठेवावी, तिच्यात काय चुकले, केव्हा कळले आणि कोठे दुरुस्त केले ते लिहावे, आणि या वहीला गुण मिळावेत. दुरुस्ती केल्याबद्दल गुण कापले जाऊ नयेत. विभागाच्या माहितीपुस्तिकेत सर्वोच्च पगार छापायचा असेल तर शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, मध्यक आणि नोकरी न मिळालेल्यांची संख्या छापावी. पत्रकारितेच्या विभागानेच हे केले नाही तर वाणिज्य विभागाला सांगण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

चौथी मागणी तातडीची आहे. त्या रात्रीच्या अनेक चित्रफिती वाहिन्यांनी आपापल्या पानांवरून काढून टाकल्या आहेत. लोकांनी जतन केलेले तुकडे, पट्ट्यांची छायाचित्रे आणि दुसऱ्या दिवशीचे खुलासे आजही मिळतात, आणखी दोन वर्षांनी मिळतीलच असे नाही. विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी ८ व ९ मेचे उपलब्ध प्रक्षेपण, मंत्रालयाच्या सूचना, ११ मेच्या पत्रकार परिषदेचे पूर्ण चित्रण आणि पुण्यातील ३ जूनचे व्याख्यान एकत्र जतन करावे आणि ते अभ्यासासाठी खुले ठेवावे. प्रताधिकाराचे प्रश्न येतील, ते विधी विभागाच्या सहकाऱ्यांना विचारता येतील. या साहित्याची तारीख-वेळेनुसार सूची करण्याचे काम माझे इतिहासाचे विद्यार्थी आणि मी करू. त्यासाठी एक खोली, एक संगणक आणि आपल्या विभागातील एक जबाबदार व्यक्ती एवढेच लागेल. पुढील शैक्षणिक वर्षाचे गुणतक्ते ठरवणाऱ्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि काय ठरले ते, नकार असला तरी, कारणांसह कळवावे, ही विनंती.

कळावे,

आपला नम्र,
इतिहासाचा एक प्राध्यापक, पुणे